टेक्स्ट कन्सोलऐवजी लॉगिन स्क्रीन: लाइटडीएम बसवतानाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण एका जुन्या डेस्कटॉप संगणकाचे आहे. त्यावर जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली होती. ती बसवताना मालकांनी कोणतेही डेस्कटॉप वातावरण निवडले नव्हते, एक्सएफसीई ४.१८ हे हलके वातावरण त्यांनी नंतर वेगळे टाकून घेतले. संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर लॉगिनची ओळ येई, ते नाव आणि पासवर्ड टाइप करीत, पुढे ‘स्टार्टएक्स’ ही कमांड देत आणि मग डेस्कटॉप उघडे. एकट्याने वापरायच्या यंत्रावर यात काहीही चुकीचे नाही. मी स्वतः कित्येक वर्षे असेच काम केले आहे.

अडचण निर्माण झाली ती दुसऱ्या वापरकर्त्यामुळे. मालकांच्या बहिणीचा संगणक कायमचा बंद पडला, त्यातील हार्ड डिस्क मात्र शाबूत होती. तिच्या साऱ्या फाईल या यंत्रावर आणून तिचे स्वतंत्र खाते उघडायचे ठरले, आणि तिने एकच अट घातली, की काळा पडदा आणि कमांड नको. संगणक सुरू केल्यावर दोघांची नावे दिसावीत, आपले नाव निवडावे, पासवर्ड टाकावा आणि डेस्कटॉप समोर यावा. मालकांनी लाइटडीएम हा डिस्प्ले मॅनेजर, म्हणजे लॉगिन स्क्रीन सांभाळणारा प्रोग्रॅम, टाकून पाहिला, दोन दिवस खटपट केली आणि ‘काहीच बदललेले दिसत नाही’ असा निरोप मला पाठवला. पुढे जे आढळले त्यात दोष एक नव्हता, एकामागे एक लपलेले चार दोष होते आणि पहिला दूर झाल्याखेरीज दुसरा दिसत नव्हता.

कमांडांची आणि फाईलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत द्यावी लागतात.

साखळीचे दुवे

लॉगिन स्क्रीन म्हणून आपल्याला जी एक चौकट दिसते, तिच्यामागे वेगवेगळ्या अधिकारांनी चालणारे चार घटक असतात. सिस्टमडी ही संगणक सुरू होताना सगळ्या सर्व्हिसेस उभ्या करणारी यंत्रणा डिस्प्ले मॅनेजरला जागे करते. डिस्प्ले मॅनेजर रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालतो आणि पडद्यावर चित्र उमटवणारा एक्स सर्व्हर सुरू करतो. त्यानंतर तो ग्रीटर नावाचा छोटा प्रोग्रॅम उघडतो. नावांची यादी, पासवर्डची पेटी, घड्याळ आणि पार्श्वभूमीचे चित्र हे सगळे ग्रीटरचे काम. लाइटडीएममध्ये हा ग्रीटर रूट म्हणून चालत नाही आणि आपल्या नावानेही चालत नाही, तर ‘लाइटडीएम’ याच नावाच्या, फारसे अधिकार नसलेल्या एका वेगळ्या खात्याने चालतो. ग्रीटर पासवर्ड स्वतः तपासत नाही. तो मागे डिस्प्ले मॅनेजरकडे सोपवला जातो, तेथे पॅम ही यंत्रणा त्याची शहानिशा करते, आणि तो बरोबर ठरला तरच वापरकर्त्याच्या नावाने त्याचे सेशन, म्हणजे डेस्कटॉपवरील कामाचे सत्र, सुरू होते.

ही विभागणी आजची नाही. एक्स विंडो प्रणालीच्या ११व्या आवृत्तीच्या तिसऱ्या प्रकाशनात, म्हणजे १९८८ मध्ये, एक्सडीएम हा डिस्प्ले मॅनेजर आला. पुढचे जीडीएम, केडीएम, लाइटडीएम आणि एसडीडीएम हे त्याच कुळातले. लाइटडीएमने ग्रीटर पूर्णपणे बाजूला काढला, त्यामुळे आतले यंत्र न बदलता वरचा चेहरा बदलता येतो. उबुंटूने २०११ मध्ये ११.१० या आवृत्तीपासून लाइटडीएम स्वीकारला आणि २०१७ मध्ये १७.१० पासून तो पुन्हा जीडीएमकडे वळला. मात्र एक्सएफसीईसारख्या हलक्या डेस्कटॉपबरोबर लाइटडीएम आजही सर्रास दिला जातो. जीडीएमचा ग्रीटर म्हणजे नोम या डेस्कटॉपचा नोम शेलच असतो, आणि जुन्या यंत्रावर केवळ पासवर्ड विचारण्यासाठी तेवढा पसारा उभा करणे मला पटत नाही. एसडीडीएम चांगला आहे, पण तो क्यूटी या साधनसंचावर उभा असल्याने केडीई डेस्कटॉप वापरणाऱ्यांना अधिक सोयीचा. त्यामुळे मालकांची निवड योग्यच होती. गाडी अडली होती ती निवडीच्या पुढे.

कोणतीही तक्रार आली की मी आधी हेच विचारतो, की वस्तू कोणत्या हातातून कोणत्या हातात जाताना पडली. या प्रकरणात ती प्रत्येक वेळी वेगळ्या हातातून पडली होती.

पहिला अडथळा: संगणक ग्राफिकल पातळीपर्यंत जातच नव्हता

सिस्टमडीला संगणक कोठवर न्यायचा आहे हे ‘टार्गेट’ या संकल्पनेने कळते. ‘मल्टी-यूजर’ टार्गेट म्हणजे टेक्स्ट कन्सोलपर्यंतची पातळी, आणि ‘ग्राफिकल’ टार्गेट म्हणजे तीच पातळी अधिक डिस्प्ले मॅनेजर. डेबियनमध्ये, डेस्कटॉप बसवलेला असो वा नसो, मूळ मांडणी ग्राफिकलचीच असते. येथे मात्र ‘सिस्टमसीटीएल गेट-डिफॉल्ट’ असे विचारल्यावर उत्तर ‘मल्टी-यूजर’ असे आले.

याचे कारण मालकांना आठवायला थोडा वेळ लागला. काही महिन्यांपूर्वी त्यांनी हौसेने नोम टाकून पाहिले होते, त्याबरोबर जीडीएमही आला, संगणक सुरू होताच नोमची लॉगिन स्क्रीन दिसू लागली. ती नकोशी झाल्यावर त्यांनी जीडीएम काढून न टाकता डिफॉल्ट टार्गेटच मल्टी-यूजर करून टाकले होते. उपाय चालला, आणि म्हणूनच तो विस्मृतीत गेला. ‘सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट ग्राफिकल डॉट टार्गेट’ एवढ्या कमांडने ही गोष्ट मार्गी लागली. संगणक पुन्हा सुरू केला, आणि समोर तीच टेक्स्ट लॉगिनची ओळ.

दुसरा अडथळा: दोन नोंदी, दोन नावे

आता ‘सिस्टमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर’ ही कमांड दिल्यावर लाइटडीएमची सर्व्हिस अयशस्वी झाल्याचे दिसले, आणि शेवटची ओळ होती ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’. ही ओळ पाहून बहुतेक जण घाबरतात किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर संशय घेतात. वास्तविक तिचा अर्थ साधा आहे: सर्व्हिस पडली, सिस्टमडीने ती पुन्हा उचलली, पुन्हा पडली, आणि दहा सेकंदांत पाच प्रयत्न झाल्यावर सिस्टमडीने नाद सोडला. ही ओळ फक्त शेवट सांगते. कारण तिच्या वरच्या ओळींत असते, आणि तेथे मुख्य प्रोग्रॅम सुरू होण्याआधीची एक तपासणीच अयशस्वी झालेली दिसत होती. म्हणजे लाइटडीएम कोसळत नव्हता. त्याला उंबरठ्यावरच अडवले जात होते.

ही तपासणी डेबियनची स्वतःची आहे. कोणता डिस्प्ले मॅनेजर चालवायचा याची नोंद डेबियनमध्ये दोन ठिकाणी राहते. एक म्हणजे सिस्टमडीच्या फोल्डरमधील ‘डिस्प्ले-मॅनेजर डॉट सर्व्हिस’ नावाची लिंक, जी प्रत्यक्ष सर्व्हिसच्या फाईलकडे बोट दाखवते. दुसरी म्हणजे ‘/ईटीसी/एक्स११/डिफॉल्ट-डिस्प्ले-मॅनेजर’ ही एका ओळीची साधी फाईल, जी सिस्टमडीच्याही आधीच्या काळापासून चालत आली आहे. लाइटडीएमची सर्व्हिस सुरू होण्यापूर्वी ही फाईल उघडून तिच्यात आपलेच नाव आहे ना, हे पाहते. नसेल तर पाऊल टाकत नाही. एकाच पडद्यावर दोन डिस्प्ले मॅनेजर झोंबू नयेत, हा त्यामागचा हेतू. सर्व्हिसच्या फाईलमध्ये या तपासणीवर ती ‘तात्पुरती’ असल्याची टीप लिहिलेली आहे, आणि ती टीप मी इतकी वर्षे वाचत आलो आहे की आता तिच्याविषयी आपुलकी वाटते.

येथे लिंक लाइटडीएमकडे होती, तर फाईलमध्ये जीडीएमचे नाव होते. असे कसे झाले, याचा मागोवा मालकांच्या टर्मिनलमधील जुन्या कमांडांवरून काढता आला. लाइटडीएमचे पॅकेज टाकताना डेबियनने निळ्या पडद्यावर विचारले होते की दोहोंपैकी कोणता डिस्प्ले मॅनेजर ठेवायचा; त्या यादीत आधीपासून असलेला जीडीएम निवडलेल्या अवस्थेत होता आणि मालकांनी न वाचता एंटर दाबले. पुढे लाइटडीएम सुरू होईना म्हणून त्यांनी ‘सिस्टमसीटीएल एनेबल लाइटडीएम’ करून पाहिले. डेबियनच्या लाइटडीएम सर्व्हिसमध्ये एनेबलसाठी लागणारा ‘इन्स्टॉल’ विभागच नसल्याने त्या कमांडने एक लांबलचक सूचना छापली, पण लिंक होती तेथेच राहिली. शेवटी त्यांनी कोठेतरी वाचून ती लिंक हाताने बदलली. तेव्हा एक नोंद बदलली आणि दुसरी तशीच राहिली.

फाईलमधील नाव हातानेच बदलूनही काम झाले असते. पण ज्या गोष्टीची नोंद पॅकेज व्यवस्था स्वतः ठेवते, ती तिच्याच हातून बदलावी असे माझे मत आहे, अन्यथा पुढच्या अद्ययावतीकरणाच्या वेळी जुने उत्तर पुन्हा डोके वर काढू शकते. म्हणून ‘डीपीकेजी-रिकॉन्फिगर लाइटडीएम’ ही कमांड दिली. तोच निळा पडदा पुन्हा आला, या वेळी लाइटडीएम निवडला, आणि फाईल व लिंक दोन्ही एका झटक्यात जुळल्या. पुढच्या बूटला राखाडी पार्श्वभूमीवर पासवर्डची चौकट दिसली.

मधल्या दुरुस्त्या

चौकट दिसली, पण नावांची यादी नव्हती. नाव टाइप करण्याची रिकामी जागा तेवढी होती. हा दोष नव्हे, डेबियनची मूळ मांडणीच तशी आहे. तेथे ‘ग्रीटर-हाइड-यूजर्स’ हे मूल्य ‘ट्रू’ असते. अनोळखी लोकांचा वावर असलेल्या जागी नावे लपवणे शहाणपणाचे आहे, कारण खात्याचे नाव ठाऊक असणे म्हणजे अर्धे कुलूप उघडणे. दोन भावंडांच्या यंत्रावर त्याने केवळ गैरसोय होते. बदल डेबियनच्या मूळ फाईलमध्ये न करता ‘/ईटीसी/लाइटडीएम/लाइटडीएम डॉट कॉन्फ’मधील ‘सीट’ या शीर्षकाखाली केला, म्हणजे पॅकेज अद्ययावत झाले तरी तो टिकतो. ही ओळ शीर्षकाच्या वर लिहिली गेली तर ती कोणत्याच विभागात मोडत नाही आणि काहीच घडत नाही, ही चूक मी एकापेक्षा अधिक ठिकाणी पाहिली आहे. शंका असेल तेव्हा ‘लाइटडीएम’ला ‘शो-कॉन्फिग’ या पर्यायासह चालवावे. सगळ्या फाईली एकत्र होऊन प्रत्यक्षात कोणते मूल्य लागू आहे आणि ते कोणत्या फाईलमधून आले, हे तो ओळीओळीने सांगतो.

त्याच ठिकाणी ‘यूजर-सेशन’चे मूल्य ‘एक्सएफसीई’ केले. याचीही गरज होती. नोमचे अवशेष यंत्रावर असल्याने सेशनच्या यादीत नोमच्या नोंदी, ‘एक्सएफसीई सेशन’ आणि ‘डिफॉल्ट एक्ससेशन’ असे बरेच पर्याय दिसत होते, आणि पहिल्यांदाच येणारी व्यक्ती काही न निवडता आत शिरली तर ती नेमकी कोठे पोहोचेल याची खात्री नव्हती. ही यादी ‘/यूएसआर/शेअर/एक्ससेशन्स’ आणि ‘वेलँड-सेशन्स’ या फोल्डरमधील फाईलींवरून बनते. ‘यूजर-सेशन’ला द्यायचे नाव म्हणजे त्या फाईलचे नाव, शेवटचे ‘डॉट डेस्कटॉप’ वगळून. एकदा कोणी स्वतः निवड केली की तीच त्या खात्यापुरती लक्षात ठेवली जाते, त्यामुळे हे मूल्य केवळ नवख्यासाठी असते.

कीबोर्डच्या बाबतीत आधीच सावध राहिलो. देवनागरी मांडणी जोडायची होती, पण ‘/ईटीसी/डिफॉल्ट/कीबोर्ड’ या फाईलमध्ये इंग्रजी मांडणी पहिली ठेवली आणि देवनागरी दुसरी. पासवर्डच्या पेटीत अक्षरांऐवजी ठिपके उमटतात. मांडणी चुकली तरी ठिपके तसेच दिसतात, आणि माणूस आपलाच पासवर्ड विसरलो अशा समजुतीत अडकतो. ग्रीटरच्या वरच्या पट्टीत मांडणी दाखवणारे चिन्हही चालू ठेवले.

तिसरा अडथळा: न दिसणारे चित्र

बहिणीने पार्श्वभूमीसाठी एक छायाचित्र दिले होते. मालकांनी येथील जीटीके ग्रीटरच्या मांडणीच्या (कॉन्फ) फाईलमध्ये आपल्या ‘पिक्चर्स’ फोल्डरमधील त्या चित्राचा पूर्ण पत्ता लिहिला. पत्ता अचूक होता, चित्र मालकांच्या सेशनमध्ये नीट उघडत होते. लॉगिन स्क्रीन मात्र राखाडीच राहिली.

ग्रीटर कोणत्या खात्याने चालतो हे लक्षात ठेवले तर कोडे राहत नाही. डेबियन १२ पासून नव्या वापरकर्त्याचा होम फोल्डर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या फाईलींची जागा, ७०० या परवानगीने तयार होतो, म्हणजे मालकाखेरीज कोणालाही त्याच्या आत डोकावता येत नाही. आधीच्या आवृत्त्यांत ती ७५५, म्हणजे इतरांना वाचता येईल पण लिहिता येणार नाही अशी, असे, आणि म्हणूनच जुन्या मार्गदर्शिकांत होम फोल्डरमधील चित्राचा पत्ता बिनधास्त दिलेला सापडतो. खात्री करण्यासाठी दुसऱ्या खात्याच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या ‘सूडो’च्या साहाय्याने लाइटडीएम या खात्याच्या नावाने ते चित्र उघडण्याचा प्रयत्न केला, आणि परवानगी नाकारल्याची ओळ लगेच आली. ही चाचणी मला फार उपयोगी वाटते, कारण ग्रीटरला काय दिसते याचा अंदाज न बांधता त्याच्याच डोळ्यांनी पाहता येते.

मालकांनी सुचवले की होम फोल्डरची परवानगी ७५५ करू. चित्र दिसले असते, हे खरे. पण एका चित्रासाठी सगळ्या कागदपत्रांचे दार उघडे टाकणे हा वाईट सौदा होता, विशेषतः यंत्रावर दुसरी व्यक्ती येत असताना. चित्र ‘/यूएसआर/शेअर/बॅकग्राउंड्स’मध्ये ठेवले, त्याला सर्वांसाठी वाचण्याची परवानगी दिली, नवा पत्ता लिहिला आणि ‘यूजर-बॅकग्राउंड’ हा पर्याय बंद केला, जेणेकरून कोणाचेही नाव निवडले तरी चित्र तेच राहील.

चौथा अडथळा: बरोबर पासवर्ड आणि पुन्हा तीच स्क्रीन

येथवर सगळे सुरळीत झाल्यासारखे वाटले. मालकांनी आपल्या नावाने लॉगिन केले, डेस्कटॉप उघडला. मग बहिणीने आपले नाव निवडून पासवर्ड दिला. स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि लॉगिनची चौकट पुन्हा समोर आली. तिने पासवर्ड सावकाश, एकेक अक्षर पाहून पुन्हा दिला. पुन्हा तेच. कोणतीही सूचना नाही.

सूचना नसणे हाच येथे सर्वांत मोठा सुगावा होता. पासवर्ड चुकला असता तर ग्रीटरने तसे स्पष्ट सांगितले असते आणि स्क्रीन काळी झालीच नसती. स्क्रीन काळी होणे म्हणजे पॅमने होकार दिला, ग्रीटर बंद झाला, सेशन उभे करण्याचा प्रयत्न झाला, आणि तो पहिल्याच पावलावर कोसळल्याने डिस्प्ले मॅनेजरने नवा ग्रीटर मांडला. त्यामुळे पासवर्ड बदलून पाहण्यात अर्थ नव्हता, तरी बहुतेक जण सुरुवात तेथूनच करतात.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ या कळा एकदम दाबून टेक्स्ट कन्सोलवर गेलो. तेथे बहिणीचे नाव आणि तोच पासवर्ड चालला. तेव्हा खाते ठीक, पासवर्ड ठीक. मालकांचे ग्राफिकल लॉगिन चालत असल्याने एक्स सर्व्हर, लाइटडीएम आणि त्याची पॅम मांडणी हेही ठीक. उरला तो तिचा होम फोल्डर. सर्वप्रथम डिस्क भरलेली नाही हे पाहून घेतले, कारण जागा संपल्यावरही हुबेहूब असेच लक्षण दिसते.

मग फोल्डरमधील लपलेल्या फाईलींची यादी काढली. सेशनमधील चुका ज्या ‘डॉट एक्ससेशन-एरर्स’ फाईलमध्ये लिहिल्या जातात, ती तेथे होती, पण तिची तारीख कित्येक महिने जुनी, म्हणजे बहिणीच्या बंद पडलेल्या संगणकाच्या काळातली होती. आताच्या दोन प्रयत्नांची एक अक्षरही नोंद तीत नव्हती. सेशन चुका लिहिण्याइतकेही पुढे गेले नव्हते, किंवा लिहायला त्याला मुभाच नव्हती. ‘/व्हार/लॉग/लाइटडीएम’मधील मुख्य लॉगने उरलेले सांगितले: त्यात बहिणीच्या होम फोल्डरमधील ‘डॉट एक्सऑथॉरिटी’ ही फाईल लिहिण्यासाठी उघडता आली नाही, परवानगी नाकारली, अशी नोंद होती.

या फाईलचे काम थोडक्यात असे. एक्स सर्व्हरशी कोणीही येऊन बोलू नये म्हणून प्रत्येक लॉगिनला एक यादृच्छिक १२८ बिटांची खूण तयार होते, आणि ती वापरकर्त्याच्या ‘डॉट एक्सऑथॉरिटी’ फाईलमध्ये लिहिली जाते. डेस्कटॉपचे प्रोग्रॅम तीच खूण दाखवून सर्व्हरकडे प्रवेश मागतात. लाइटडीएम ही खूण वापरकर्त्याच्याच अधिकाराने लिहितो. वापरकर्त्याला स्वतःच्या घरात लिहिता येत नसेल, तर खूणही नाही आणि सेशनही नाही. टेक्स्ट लॉगिनला या फाईलशी देणेघेणे नसल्याने ते निर्धोक चालते, आणि त्यामुळेच हा दोष फसवा ठरतो.

पण बहिणीला स्वतःच्या फोल्डरमध्ये का लिहिता येत नव्हते? यादीत फाईलींच्या मालकाचे नाव म्हणून प्रत्येक ओळीवर भावाचे नाव होते. यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ या कमांडला नावांऐवजी आकडे दाखवायला सांगितले, तेव्हा प्रत्येक फाईलवर १००० हा क्रमांक दिसला; ‘आयडी’ या कमांडने बहिणीचा क्रमांक सांगितला १००१. लिनक्स फाईलची मालकी नावाने नव्हे, क्रमांकाने लिहितो, आणि डेबियन पहिल्या सामान्य वापरकर्त्याला १००० देतो. आपल्या जुन्या संगणकावर बहीण पहिली होती, म्हणून तेथे १००० म्हणजे ती. या संगणकावर भाऊ पहिला, म्हणून येथे १००० म्हणजे तो. मालकांनी जुन्या डिस्कवरून फाईली आणताना ‘सीपी’ या कॉपी करण्याच्या कमांडला ‘ए’ हा पर्याय दिला होता, जो मालकी, परवानग्या आणि तारखा जशाच्या तशा राखतो. तो एरवी चांगलाच पर्याय आहे, पण येथे त्याने बहिणीचे सारे घर, बाहेरच्या फोल्डरसकट, निमूटपणे भावाच्या नावावर करून टाकले. जुन्या प्रणालीतील ७५५ ही परवानगीही बरोबर आल्यामुळे तिला आत जाता येत होते, वाचता येत होते, पण लिहिता येत नव्हते. कन्सोलवर रिकामी फाईल तयार करण्याची कमांड दिल्याबरोबर नकार आला, आणि निदान पक्के झाले.

अशा वेळी ‘डॉट एक्सऑथॉरिटी’ पुसून टाकण्याचा सल्ला सर्वत्र सापडतो. येथे त्याचा उपयोग झाला नसता; ती पुसली तरी नवी तयार करायला फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार लागतोच. मालकी बदलणारी ‘सीएचओन’ ही कमांड ‘आर’ या पर्यायासह चालवून तिच्या होम फोल्डरची आणि त्याखालील प्रत्येक गोष्टीची मालकी तिच्या नावाने व गटाने करून दिली, मग फोल्डरची परवानगी ७०० केली. एफ७ने ग्रीटरवर परतलो, तिने पासवर्ड दिला आणि स्क्रीन काळी होऊन या वेळी डेस्कटॉपच आला. तिच्या ‘डॉट एक्ससेशन-एरर्स’वर आजची तारीख उमटलेली पाहिली तेव्हाच मी ही नोंद बंद केली.

शेवटची मागणी

जाताजाता मालकांनी विचारले, की आपल्यापुरता पासवर्डच नको, संगणक सुरू झाला की थेट आपला डेस्कटॉप यावा, असे होईल का. होते, ‘ऑटोलॉगिन-यूजर’ या ओळीत नाव लिहिले की पुरे. पण तसे केल्यावर बहिणीला रोज आधी भावाच्या डेस्कटॉपमध्ये उतरून मग बाहेर यावे लागले असते, म्हणजे ज्या कारणासाठी हा सारा खटाटोप केला तेच बाजूला पडले असते. आणखी एक अडचण होती. त्यांचे साठवलेले पासवर्ड नोम कीरिंगमध्ये होते आणि ते कुलूप लॉगिनच्या पासवर्डनेच उघडते. पासवर्ड दिलाच नाही तर कीरिंग बंद राहते आणि ब्राउझर किंवा ईमेल उघडताच तोच पासवर्ड वेगळ्या चौकटीत विचारला जातो. कष्ट वाचत नाहीत, जागा बदलते. हे ऐकल्यावर त्यांनी मागणी मागे घेतली. त्याऐवजी एक्सएफसीईतील ‘स्विच यूजर’चे बटण कसे चालते ते दोघांना दाखवले, एकाचे सेशन उघडे ठेवून लाइटडीएम दुसऱ्यासाठी नवा ग्रीटर मांडतो, आणि दोघांचे काम जेथल्या तेथे राहते.

जीडीएमचे पॅकेज मात्र त्याच दिवशी काढले नाही. लाइटडीएमवर आठवडाभर रोजचे काम नीट झाल्यावर मालकांनी ते स्वतः काढले, आणि काढल्यानंतर ‘डिफॉल्ट-डिस्प्ले-मॅनेजर’ फाईलमध्ये अजून लाइटडीएमचेच नाव आहे याची खात्री करून मगच संगणक पुन्हा सुरू केला.